या कॉम्प्युटरला मी कुंकू लावणार नाही

"यांना दिसत नाही ना? मग यांना इथं कशाला बसवलंय?"

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस माझ्या मालकांना विचारत होता. मी दोघांच्या मध्ये होते. माझ्याच टेबलापाशी, माझ्याच खुर्चीत. त्याची बाही माझ्या खांद्याला घासत होती, इतका तो जवळ उभा होता. पण प्रश्न मला नव्हता.

मालक म्हणाले, "आमच्याकडं बिलं हीच करते."

तो हसला. "काय सांगता सर. पुण्य कमावताय की मग."

मालकही हसले. ते हसणं मला जास्त लागलं. तो परका होता. मालक माझं काम रोज बघत होते.

सोलापुरात आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. मागं शिलाई, पुढं विक्री. शाळांच्या ऑर्डरी फोनवर घ्यायच्या आणि बिलं करायची, हे माझं काम. मला जन्मापासून दिसत नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज आहे. एका कानात गिऱ्हाईक, दुसऱ्या कानात तो आवाज, बोटं कीबोर्डवर. माऊसला मी हात लावत नाही, तो उगाच टेबलावर जागा अडवून बसलेला असतो. चुका होतात माझ्या. एका शाळेच्या बिलात मी हाफ पँटींच्या जागी स्कर्ट लावले होते. शाळा मुलांची. त्यावरून मला अजून चिडवतात. चिडवू देत. काम करणाऱ्यालाच असं चिडवतात.

त्या माणसानं नवीन कॉम्प्युटरवर आपलं सॉफ्टवेअर सुरू केलं. माझा वाचणारा आवाजही त्यात घातला होता. मी हेडफोन लावला. आवाज म्हणाला, बटण. मी पुढं सरकले. बटण. आणखी पुढं. बटण. कशाचं बटण, ते काही सांगेना. सगळी नुसती चित्रं होती. दिसणाऱ्याला छपाईचं चित्र वेगळं दिसतं, पुसून टाकायचं वेगळं. माझ्यासाठी बिल छापणं आणि बिल पुसणं एकच.

मी म्हणाले, "या बटणांना आतून नावं द्यायची राहिलीत. कंपनीला सांगा, त्यांना देता येतात."

"मॅडम, तुमच्यासारखे कितीजण असतात? एकासाठी कंपनी कुठं बदल करत बसणार?"

मालकांनी ते घेतलं. बिल गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जायला हवं होतं, माल किती उरला ते आपोआप कळायला हवं होतं. त्यात काही चूक नव्हती. पण ज्यांनी ते रोज चालवायचं, त्यांना कुणी विचारलं नाही.

मग ते माझ्याकडं आले. आवाज एकदम मऊ. "तू काळजी करू नकोस. पगार तेवढाच राहील. मागं पॅकिंगच्या टेबलाशी बस, शर्ट पिशव्यांत भर. बिलं आता मी बघतो. आराम पडेल तुला."

आराम. मला हा आराम लहानपणापासून माहीत आहे. आमचं गाव सांगोल्याकडचं, घरी शेळ्या-मेंढ्या. कुणाच्या लग्नाला गेलो की आत्या म्हणायची, "हिला सामानाजवळ बसवा." मग मी पिशव्यांच्या आणि चपलांच्या ढिगापाशी. मांडवात हसणं-खिदळणं चाललेलं, माझ्या वयाच्या मुली बांगड्या भरायला पळालेल्या, आणि मी राखण करतेय. जिला चोर दिसणारच नाही, ती राखण करतेय. लोक म्हणायचे, किती गुणाची पोर, जागची हलत नाही. मी हलत नव्हते, कारण मला कुणी उठवायलाच येत नव्हतं.

त्यानंतर मी अंध मुलींच्या शाळेत गेले. कॉम्प्युटर शिकले. सोलापुरात एकटीनं खोली घेतली. आणि आता या वयात मला परत कुणीतरी सामानाजवळ बसवत होतं. पगार देऊन. हे माझ्या ध्यानात आलं आणि फार राग आला. तरी पिशव्या भरत राहिले. काय करावं, ते सुचत नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं सगळ्या यंत्रांची पूजा असते. शिलाई मशिनी पुसल्या, कात्र्या मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या. नव्या कॉम्प्युटरलाही माळ. सॉफ्टवेअरवाला पेढे घेऊन आला होता. मालकांनी मला पुढं बोलावलं.

"पहिलं कुंकू तुझ्या हातचं. ये."

"थांबा सर, फोटो काढतो," सॉफ्टवेअरवाला म्हणाला. "अंध भगिनीच्या हस्ते पूजा. कंपनीच्या पेजवर टाकू."

मालकांनी माझं मनगट धरलं. बोट कुंकवात बुडवलं. हात पडद्याकडं न्यायला लागले.

"मॅडम, तोंड जरा इकडं करा."

मी हात हिसकावून घेतला. फोनवर मी पुस्तकी मराठी बोलते. राग आला की गावाची भाषा वर येते.

"म्या न्हाय लावणार."

"अगं, सणाच्या दिवशी असं काय करतेस?"

"ज्याच्यापायी मला खुर्चीतनं उठवलं, त्याची पूजा मी का करू? मला बिलं करता येत्यात. ह्यालाच बोलता येत न्हाय. दोष ह्याच्यात हाय, माझ्यात न्हाय."

"एकट्या तुमच्यासाठी..." सॉफ्टवेअरवाला बोलायला लागला.

तेवढ्यात मागून पद्माक्का बोलल्या. त्या कटिंग करतात आणि मुलांची मापं कॉम्प्युटरमध्ये भरतात. घरी तेलुगू, शाळा मराठी. "एकटी कुटं? मलाबी जमत न्हाय ते. सगळं इंग्लिश हाय. जुन्यात मराठी होतं की. मालक रागावतील म्हणून गप बसले मी."

"आणि मालक," मी म्हणाले, "तुमालाबी ती बारीक अक्षरं दिसत न्हाईत. सारखं दुसऱ्याला वाचायला लावता. मी ऐकते."

मालकांनी स्वतः कुंकू लावलं, नारळ फोडला. मी पेढा घेतला नाही. पद्माक्कांनी घेतला. त्यांच्या घरी खाणारी तोंडं आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही.

दसरा झाल्यावर दुकान उघडलं, तेव्हा मी पॅकिंगच्या टेबलाकडं गेले नाही. जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात झाकून ठेवला होता, तो माझ्या टेबलावर आणला आणि माझ्या खुर्चीत बसले. मालक समोर उभे होते. मला उठ म्हणाले नाहीत, बस पण म्हणाले नाहीत.

मी सॉफ्टवेअरच्या कंपन्यांना फोन लावायला सुरुवात केली. माऊसशिवाय चालतं का? बटणांना नावं आहेत का? मराठीत आहे का? अक्षर मोठं करता येतं का? बऱ्याच जणांनी फोन ठेवला. एक मुलगी म्हणाली, विचारून सांगते. तिचा खरंच फोन आला. उद्या त्यांचा माणूस येतोय.

मालक म्हणाले, "येऊ दे. पण त्याच्याशी नीट बोल. आणि नाही जमलं तर मागं बसायचं, हे ठरलं."

माझ्याकडून ते ठरलेलं नाही.

उद्या तो आला की मी आधी त्याला पडदा बंद करायला लावणार. पडदा बंद, कीबोर्ड माझ्यापुढं, आणि अख्खं एक बिल छापून काढणार. मग पद्माक्का मापं भरतील, मराठीत. मग मालक स्वतः वाचतील, दुसऱ्याला न विचारता. यातल्या एकालाही जमलं नाही तर त्या माणसानं आपली बॅग उचलावी, मी पुढच्या कंपनीला फोन लावीन.

मालकांना मला काढायचंच असेल, तर तोंडावर सांगून काढावं. पण मऊ बोलून आणि पगार देऊन मला मागं नेऊन बसवता येणार नाही. या खुर्चीतून मी आपण होऊन उठणार नाही.