पडद्यावरच्या नर्सचं घर

सिनेमाचे सेट उभारणाऱ्या सुतारांत मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. प्लायवूडचे महाल, पोकळ खांब, कुठेच न पोचणारे जिने, तीस वर्षं त्यांनी हेच केलं. बायको इस्पितळात नर्स. तिला मात्र सिनेमाचं वावडं. पडद्यावरचा साधा कारकून उठून भल्याथोरल्या गॅलरीत आला, की ही विचारायची, याला हे घर परवडतं कसं? मग पुढची गोष्ट तिच्या डोक्यात शिरायचीच नाही. मिस्त्री म्हणायचे, अगं, मामाने ठेवलं असेल त्याच्या नावावर. मग तो मामा दाखवा, असं तिचं म्हणणं.

ही दोघं मुलीसह राहायची दीड खोलीत. एक खोली, आणि कपाट आडवं लावून केलेला आडोसा. त्यामागे मुलगी अभ्यास करायची. मिस्त्रींची आई धाकट्या भावाकडे, दुसऱ्या गावी. तिला आणायचं दरवर्षी ठरायचं आणि अंथरूण घालायचं कुठे, यावर घोडं अडायचं.

एकदा नव्या सेटचा नकाशा हातात आला. वर लिहिलेलं, ‘नर्सचं घर’. मोठा दिवाणखाना, दोन झोपायच्या खोल्या, सज्जा. मिस्त्रींना हसू आवरेना. सेटचं काम बघणाऱ्या ताई जवळच उभ्या होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी आढेवेढे घेत सांगितलं, की आमच्या घरी बावीस वर्षं नर्स आहे, आणि आमचं अख्खं घर या सज्ज्यात मावेल.

ताई रागावल्या नाहीत. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मोजायची टेप घेऊन घरीच आल्या. बायकोने आधी तोंड वाकडं केलं. घर काय बघायचंय, एका नजरेत संपतं, म्हणाली. पण ताई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "रात्रपाळी करून आल्यावर तुम्ही दिवसा झोपता कशा, ते सांगा."

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग तिने सगळंच दाखवलं. खिडकीवर टाकायची जाड चादर, दाराच्या घंटेत कोंबलेला कापूस, दोरीवर दोन गणवेश आळीपाळीने वाळतात ती जागा. ताई तासाभरासाठी आलेल्या, जेवूनच गेल्या.

ताईंच्या नव्या नकाशातलं हे घर दिग्दर्शकाला आवडलं, पण एवढ्याशा जागेत कॅमेरा वळणार कसा? शेवटी तडजोड झाली. घर हेच, फक्त मागची भिंत चार फूट सरकवायची.

सेट तयार झाला तेव्हा ताईंनी मिस्त्रींच्या बायकोला आवर्जून बोलावलं. ती रात्रपाळी संपवून तशीच आली. प्लायवूडच्या उंबऱ्याशी तिने चपला काढल्या. कुणी हसलं नाही. तेच कपाट, तीच दोरी, तसाच पलंग. पण पलंगाभोवती मोकळं फिरता येत होतं. ती एकदा फिरली, मग पुन्हा फिरली. पलंगावर टेकली आणि बोलता बोलता तिचा डोळा लागला. दिवे लावणारी माणसं अडून राहिली. ताईंनी त्यांना हळूच चहाला पाठवलं. मिस्त्री जमिनीवर बसून राहिले. भर उजेडात झोपलेली बायको त्यांनी किती दिवसांत पाहिली नव्हती. केस पिकलेत, हे त्यांना तेव्हा दिसलं.

जागी झाल्यावर ती ओशाळली. मग भिंतीलगतच्या रिकाम्या जागेकडे बघत म्हणाली, "एवढी जागा असती तर आईंची खाट इथे लागली असती."

त्या आठवड्यात मिस्त्रींनी घरचं कपाट उभं कापलं, आडोसा वीतभर आत घेतला आणि दिवसा भिंतीला लावून ठेवता येईल अशी घडीची खाट केली. बिजागऱ्या तीनदा बदलल्या. माझ्या खोलीवरच संक्रांत का, म्हणून मुलीने दोन दिवस गाल फुगवले, मग स्वतःच आजीसाठी उशी घेऊन आली.

आई महिन्यासाठी म्हणून आली. सिनेमा लागला तेव्हा चौघं मिळून गेली. त्यातली नर्स गणवेश दोरीवर टाकताना बायको पुढे सरकून बसली. मिस्त्रींनी हळूच विचारलं, भिंत लांब वाटते का? तिने हात दाबून त्यांना गप्प केलं.

आई मात्र थोड्या वेळाने सुनेच्या कानाशी कुजबुजली, "एवढ्या घरात एकटीच राहते का गं ही पोर?"

"हो, आई."

"जेवायला कोण वाढतं तिला?"

महिना संपून वर्ष झालं. आईने परतीचा विषय काढला नाही, आणि तो दुसऱ्या कुणीही काढला नाही.