उलटा दिलेला कागद

सर मला झेरॉक्सला कागद द्यायचे ते नेहमी उलटा करून. मी विद्यापीठाच्या इथल्या केंद्रात शिपाई, चौथी नापास. सुलटा दिला असता तरी एक ओळ वाचेपर्यंत माझा चहा थंड झाला असता. तरी ते उलटाच द्यायचे आणि म्हणायचे, "बाबल्या, हो कागद आपल्या बापाचो नाय." लोकांच्या खाजगी गोष्टी कागदावर होत्या ना, म्हणून.

सर आमच्याच जिल्ह्यातले. काजू कारखान्यातल्या बायकांच्या तब्येतीचा अभ्यास करत होते. पण बायका तोंड उघडीनात. सरांनी संमतीचा कागद अर्धा तास वाचून दाखवला, तेवढ्यात दोघी झोपल्या. शेवटी मी सगळ्यांना देवळात नेलं, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो बायका जां काय बोलतले, तां ह्या सायबाच्या पोटात ऱ्हवांदे!" सगळ्या म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठ्यानं सर म्हणाले.

मग बायका बोलल्या. माझी एक वहिनीही बोलली. तिचं नाव सांगत नाही, घर कुठल्या अंगाला तेही नाही. तिला फिट येते आणि ते तिनं मालकापासून लपवलं होतं. कळलं तर मशीनवरून काढतील, म्हणून. सरांनी ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं.

माझ्या फोनवर तेव्हा सांगू ते लिहून देणारं फुकटचं एआय होतं. मी त्याच्याकडून रजेचा अर्ज लिहून घेतला. इतका गोड झाला, की सरांनी विचारलं, "कोण मेलो रे?" मी म्हटलं, "कोण नाय, ताज्या बांगड्याचो बाजार आसा." सर पोट धरून हसले, मग गंभीर झाले. "तुझा अर्ज घाल तेच्यात. लोकांचा कायेक घालू नको. एकदा भायर गेला की आपल्या हातात नाय."

बायकांचं बोलणं उतरवून त्याचं भाषांतर करायला विद्यापीठानं स्वतःची वेगळी सोय दिली होती, पण तिची परवानगी वरून येईना. अहवाल तर सोमवारी द्यायचा. दुपारी चहा घेऊन गेलो, तर सरांच्या स्क्रीनवर तेच फुकटचं एआय, आणि त्यात माझं गाऱ्हाणं टाईप झालेलं! मी गाढव, खूश झालो. म्हटलं, "सर, मी कॉम्प्युटरात!" सर म्हणाले, "नावां सगळी काढून टाकलंय मी." खाली मी अक्षरं लावत वाचलं. वहिनीचं वय, फिट, पोरं किती, नवरा कुठे, घरची विहीर कुठल्या बाजूला. आमच्या गावात माणूस नावानं कोण ओळखतो? विहिरीनंच ओळखतात. मला कळलं होतं. पण माझ्यासारख्यानं सरांना काय शिकवायचं? चहा ठेवला आणि आलो.

भाषांतर तपासायला सरांनी एआयमधल्या त्या सगळ्याची लिंक केंद्रातल्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. त्यात कारखान्याच्या मालकाचा पुतण्या होता. बुधवारी वहिनीला कारखान्याच्या दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी ती माझ्या घरासमोरच्या खळ्यात उभी. "भावजी, तुमी गाऱ्हाणा घातलात म्हणान मी बोललंय."

मी सरांकडे धावलो. सर ऑफिसच्या मराठीत म्हणाले, "बाबल्या, चौकशी होईल. नियमाप्रमाणे नावं काढलेली आहेत." माझ्याशी ते कधी तसं बोलत नसत. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

सरांनी बदली मागून घेतली. जायच्या दिवशी झेरॉक्सला कागद दिला, उलटाच. पहिल्यांदा मी तो सुलटा केला. मशीनजवळ उभं राहून एकेक अक्षर लावलं. चौकशीसाठी सरांनी लिहिलेला खुलासा होता. 'माहिती स्थानिक शिपायाच्या तोंडून गावात फुटली असावी.' आणि पुढे गावात लोकांना ते पटलंच. बाबल्याच्या पोटात काय राहतं? स्वतःची फजिती स्वतःच गावभर सांगतो मी. असा साक्षीदार फुकट मिळाला सरांना.

मी सरांना हव्या त्या दोन प्रती काढल्या. तिसरी काढायला बटणावर बोट ठेवलं होतं. वहिनीला दाखवली असती, तर आज ती माझ्याशी बोलत असती. पण त्या कागदावर खाली तिचंही सगळं लिहिलं होतं, विहिरीसकट.

बोट काढलं. कागद उलटा करून सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी वर बघितलं नाही. "वाचलंस?" एवढंच विचारलं.

मी म्हटलं, "नाय सर. आपल्या बापाचो नाय तो."