इस्त्रीचा सदरा आणि येसराची आमटी

अख्ख्या जालना जिल्ह्यात इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात म्हैस तपासायला जाणारा एकच माणूस झाला आणि तो माझ्या नशिबाने माझा थोरला साडू. वडीगोद्रीच्या गुरांच्या दवाखान्यात ते नोकरीला होते. गाव त्यांना ढोरांचे डॉक्टर म्हणायचं. त्यांच्या फटफटीच्या कॅरियरवर औषधांची पेटी असे आणि पेटीवर सुतळीने बांधलेला एक लाकडी हँगर. गोठ्यात पोचलं की आधी सदरा काढायचा, हँगरला लावायचा, हँगर लिंबाच्या फांदीला अडकवायचा, मग रबरी एप्रन चढवायचा आणि मगच जनावराकडे बघायचं. एकदा मी सोबत होतो. म्हशीचा मालक अगदी रडकुंडीला आलेला. “डाक्टर, म्हैस फुगून राह्यली अन् तुमी सदरा टांगून राह्यले,” तो म्हणाला. साडू शांतपणे म्हणाले, “सदरा चुरगळला म्हणून म्हैस जल्दी उठणार हाय का?” तासाभराने म्हैस उठली. सदऱ्यावर एक सुरकुती नव्हती. गावाने दोन्ही गोष्टींची सारखीच तारीफ केली.

वाचनाचंही तसंच. अंबडच्या वाचनालयातून आठवड्याला चार पुस्तकं यायची. रहस्यकथा, प्रवासवर्णन, मधमाश्यांचं पालन, काहीही. पण शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून ते आंघोळीला जात, धुतलेला सदरा घालत, केस विंचरत आणि मग खुर्चीत ताठ बसून ते संपवत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “लिहिणाऱ्यानं एवढी मेहनत केली. आपण बनियनवर निरोप द्यावा, हे बराबर न्हाई.”

रविवारी ते अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, स्वयंपाकघरातून बाहेर काढत. मग कांदा असा चिरला जाई की प्रत्येक फोड दुसरीची जुळी बहीण वाटावी. पुस्तक मिठाच्या बरणीला टेकवून उभं असे. गोष्टीतला खुनी सापडेपर्यंत भरताची वांगी जळून कोळसा झालेली मी पाहिली आहेत. अकराचं जेवण चारला मिळे, पण ते असं असे की चार वाजेपर्यंतचा राग कुणी मनात ठेवत नसे.

फक्त आमच्या सासऱ्यांनी ठेवला. ते पिंपळगाव रेणुकाईचे, दहा एकरांचे शेतकरी, बोलायला तोलून-मापून. लेकीच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी ते न कळवता वडीगोद्रीला आले. पाहतात तर जावई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतोय आणि लेक बाजेवर बसून शेंगा खातेय. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. “पोरगी डाक्टरला दिल्ती, सैपाक्याला न्हाई,” एवढंच बोलून आल्या गाडीने परत गेले. त्यानंतर आठ-नऊ वर्षं त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. साडू मात्र दर दिवाळीला कडक इस्त्रीत सासुरवाडीला जात. सासऱ्यांना आम्ही जावई मामा म्हणायचो. मामा त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोलत, बाकी काही नाही.

मग आमच्या सासूबाई गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि मामांनी जेवण सोडलं. हट्टाने नव्हे. ताट समोर आलं की दोन घास घेत, हात धुऊन उठत. त्यांना या दोन लेकीच. दोघींनी आळीपाळीने करून घातलं. “चव लागंना,” ते म्हणायचे. महिन्याभरात माणूस निम्मा झाला. दोघी एकमेकींपाशी रडायच्या आणि त्यांच्यापुढे हसून वाढायच्या.

एक दिवस साडू महिन्याची रजा टाकून तिथे हजर झाले. मी ते तीन दिवस तिथेच होतो. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. साडू चुलीपुढे बसले. आमच्याकडे येसराची आमटी करतात. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. सासूबाईंच्या हातच्या त्या आमटीचं भावकीत नाव होतं. साडूंनी आतून विचारलं, “मामा, मामी येसर भाजताना धने आधी टाकायच्या का जिरं?” मामा भिंतीकडेच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “मामा, बाजरी घालायच्या का ज्वारी?” मामांना खरं म्हणजे ठाऊकच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी धने भाजण्याचा वास ओसरीवर आला तसे मामा बसल्या जागेवरून म्हणाले, “तिचं असं जळकट न्हवतं येत.”

“मंग कसं येत होतं?”

मामा उठले, भिंतीला धरत आत आले आणि उंबऱ्यावर बसले. “जरा गोडसर,” ते म्हणाले.

तेव्हापासून दोघांचा तो उद्योगच झाला. एक जण भाजायचा, दुसरा वास घेऊन मान हलवायचा. आमटी उकळेपर्यंत साडू त्यांना पुस्तक वाचून दाखवायचे. मध्येच मामा हात वर करायचे, “थांबा, खोबरं करपून राह्यलं.” पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेलो, तर मामांच्याही अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

त्या दुपारी आमटी ताटात पडली. मामांनी भाकरी चुरली आणि एक घास खाल्ला. साडू हातात पळी घेऊन उभेच होते.

“बराबर झाली,” मामा म्हणाले. मग ताटाकडेच बघत हळू आवाजात म्हणाले, “पन्नास वर्सं खाल्ली, जावईबापू. कशी करती, येकदा बी न्हाई इचारलं तिला.”

साडू खाली बसले आणि त्यांनी मामांच्या ताटात आणखी एक पळी आमटी वाढली.