माझ्या कार्डातला पुरुष

पुरुषांच्या वॉर्डात तीन नंबरच्या खाटेवर मी बसले होते आणि चार नंबरच्या खाटेवर आमचे व्याही नुसत्या बनियनवर चहात बिस्किट बुडवत होते.

मोतीबिंदूचं शिबिर होतं. फाटकाशी एका बाईनं कार्ड पाहून चिठ्ठी दिली, एकानं चिठ्ठी पाहून दार दाखवलं, मी आत गेले आणि खाटेवर बसले. मला धड दिसत नव्हतं म्हणूनच तर आले होते! आजूबाजूला सगळे धोतरवाले आणि पायजमेवाले आहेत, हे बसल्यावर हळूहळू ध्यानात आलं. तोवर व्याह्यांनीही मला ओळखलं होतं.

"विहीनबाई! तुम्ही?" नामदेवरावांनी उशी ओढून छातीशी धरली. "एवढ्या उन्हात माह्यासाठी आल्या?"

आता काय सांगणार? मी पदर पुढं ओढून म्हणाले, "मंग? आपलं मानूस हाये म्हटलं. पाहून यावं."

व्याह्यांना भरून आलं. त्यांची पोरगी आमच्या घरी देऊन बारा वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी पानाचा विडासुद्धा आपल्या हातानं दिला नव्हता. आज बिस्किटाचा अख्खा पुडा पुढं केला. मी एक घेतलं. तेवढ्यात वॉर्डातला माणूस हातातली यादी वाचत आला. वर पाहायची त्याला सवय नसावी.

"तीन नंबर! शर्ट काढा, हा गाऊन घाला. दाढी केली का?"

"कोनाची?" मी विचारलं.

"तीन नंबर कोण आहे?"

"मीच हावो."

"मग तुमचीच! दाढी करून या. नाहीतर डॉक्टर माझ्यावर ओरडतात."

व्याह्यांचं बिस्किट चहात बुडालं ते वर आलंच नाही.

मग नर्स आली. तिनं यादी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा यादी पाहिली. "सुभद्राबाई, वय बहात्तर, पुरुष."

"काहून वं बाई, मी तुले पुरुष दिसून राह्यली का?"

"मला काय दिसतं ते सोडा, आजी. तुमच्या आधार कार्डात पुरुष आहे. उद्या कागद वर गेले की माझी मान अडकेल. कार्ड दुरुस्त करून आणा. पंधरा दिवसांनी शेवटची तुकडी आहे. ती चुकली की दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर! चैत्र चालू होता. आणि माझ्या डोळ्यांची गत अशी की आठ दिवसांपूर्वीच मी बकरी समजून शेजाऱ्याच्या मोटारसायकलपुढं हिरवा चारा टाकला होता. (खात नाही म्हणून तिच्या पाठीवर दोन थापाही मारल्या.) भाजीत मीठ दोनदा पडायचं नाहीतर पडायचंच नाही. दिवाळीपर्यंत मी घरातल्या कोणाला तरी नक्की मारलं असतं.

हा पुरुष माझ्या कार्डात कुठून शिरला, तेही सांगून टाकते. चूक माझीच.

कार्डवाले गावात आले तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. आमच्या नेर भागातल्या वावरात बाया वेचायला जातात त्या लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. बोंडाची टोकं हात ओरबाडतात, वर ऊन. म्हणून डोक्याला दुपट्टा गच्च बांधायचा, नाकातोंडावरून घ्यायचा. माझ्या अंगात लेकाचा चौकड्याचा शर्ट होता. पंचायतीसमोर कार्ड काढून राहिले, आजचाच दिवस आहे, असं कोणी ओरडलं. मी कमरेच्या ओटीतला कापूससुद्धा खाली केला नाही, तशीच धावले आणि रांगेत उभी राहिले. तो माणूस यंत्रात तोंड घालून बसलेला. म्हणाला, "दादा, सरका पुढं." मला वाटलं, मागच्याला म्हणतो. मी सरकले. फोटो काढताना दुपट्टा हनुवटीपर्यंत खाली घेतला, तेवढंच.

कार्ड आलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला वाचता येतं. नाव पाहिलं, गाव पाहिलं, कार्ड पेटीत ठेवलं. मी बाई आहे की नाही, हे कोण कार्डात तपासतं? पुढं जिथं तिथं त्याची झेरॉक्स दिली. नावाखाली पती म्हणून नवऱ्याचं नाव स्वच्छ छापलेलं. पुरुषाला नवरा कसा, हे एवढ्या वर्षांत एकाही साहेबानं विचारलं नाही!

दुसऱ्या दिवशी माझी सून वंदना मला तालुक्याच्या केंद्रावर घेऊन गेली. तिथं एक मॅडम होत्या, चष्म्याच्या, बोलायला चांगल्या.

"मावशी, सोपं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त बोट ठेवा, तुम्हीच त्या आहात हे यंत्राला पटलं की झालं."

मी अंगठा ठेवला. यंत्राला पटलं नाही. दुसरा ठेवला. नाही पटलं. मॅडमनी माझं बोट धरून दाबलं, पुसलं, फुंकलं, माझ्याच कपाळाला घासलं (कपाळाचं तेल लागतं म्हणे). यंत्रावर लाल दिवा.

"मावशी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत!"

"साठ वर्सं कापूस वेचला बाई. राखेनं भांडे घासले. रेघा कुठं राह्यतीन? बोटं राह्यले तेच नसीब!"

"मग डोळे घेऊ. डोळ्यांवरही होतं."

झालं! एक दुर्बिणीसारखी पेटी माझ्या तोंडासमोर धरली. डोळा उघडा ठेवा म्हणाल्या. माझा डोळा उघडला की गळतो आणि गळला की मिटतो. वंदनानं दोन बोटांनी माझी पापणी वर धरली. मॅडमनी खालची ओढली. कासाराच्या दुकानात लहान पोरीच्या हातात बांगडी चढवतात, तसं चाललं होतं! यंत्र म्हणालं, नाही.

"मोतीबिंदू पिकलाय मावशी. आधी डोळ्याचं ऑपरेशन करून या, मग होईल."

"थेच तर कराचं हाये! त्याच्यासाठी कार्ड पायजे."

"आणि कार्डासाठी डोळा पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

शेवटी मॅडमना एक उपाय सुचला. आठ दिवस हाताला काहीही काम द्यायचं नाही. भांडी नाहीत, राख नाही, पाण्यात हात नाही. रोज खोबरेल तेल. बोटं मऊ झाली की थोड्या रेषा वर येतात, म्हणे. "पण हात अगदी रिकामे पाहिजेत, मावशी."

"ठेवतो आम्ही," वंदना म्हणाली. ती एवढ्या खुशीत का म्हणाली, ते मला घरी गेल्यावर कळलं.

बारा वर्षं मी तिला 'हे असं घास, ते तसं निवड' म्हणत आले होते. आता तिच्या हाती सरकारी हुकूम लागला! घरी येताच तिनं माझ्या हातांना तेल चोपडलं आणि नवऱ्याचे दोन पायमोजे माझ्या हातांवर चढवून मनगटाशी नाडीनं बांधले.

"आई, तुम्ही आता खाटेवर बसाचं. कायले हात लावाचा नाही."

"मंग जेवू कशी?"

"मी भरवतो नं!"

भरवलं तिनं. घास एवढा मोठा की तोंडातून शब्द निघू नये! (तो तिचा हेतूच होता, असं मी म्हणत नाही. पण नव्हता, असंही म्हणत नाही.) मी खाटेवरून बोलायची, "ज्वारी पाखडली नाही वाटते," की लगेच दुसरा घास.

चौथ्या दिवशी व्याही आले. त्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात चार केळी. त्यांना आता अंगणातली मुंगीसुद्धा दिसते, हे त्यांनी येताक्षणी तीनदा सांगितलं.

"विहीनबाई, हे काय घातलं हाताले?"

"दिसते ना आता? मंग कायले इचारता?"

"दिसते नं! पायमोजे दिसून राह्यले." मग पोरीकडं वळून म्हणाले, "वंदे, चुकून वर चढले असतीन, खाली ओढ." बापलेक दोघंही हसत सुटली. पायमोजे घातलेल्या हातानं कोणाला धाक घालता येत नाही, करून पाहा.

जाताना मात्र ते हळूच बोलले, "समजलं होतं मले सगळं, तरी वार्डात सांगतलं मी सगळ्याइले. म्हटलं, विहीनबाई माह्यासाठी आल्या होत्या." मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

सहा दिवस मी काढले. जन्मात एवढी बसले नव्हते, बाळंतपणातही नाही. सातव्या दिवशी वंदना दळण घेऊन गेली. घरात मी एकटी आणि ओसरीत फोडायच्या चिंचांचं पोतं. आमच्याकडं चैत्रात घरोघरी चिंचा फोडायचं काम असतं. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोका काढायचा. वंदनानं पोतं उघडून ठेवलं होतं आणि चार दिवसांत पसाभर फोडल्या होत्या. पसाभर! त्याही शिरा न काढता.

मी स्वतःला म्हणाले, सुभद्रे, नुसतं पाहायचं.

मग म्हणाले, एकच फोडायची.

दातानं नाडी सोडली, मोजे काढले. हात लागला आणि मी सुटले! सहा दिवसांची उपाशी होती ती बोटं. वंदना चक्कीवर गप्पा मारत बसली असावी, कारण तिची चाहूल लागली तेव्हा अर्धं पोतं रिकामं झालं होतं. मी चिकट हातांवरच पायमोजे चढवले, चिंचा पोत्यात ढकलल्या आणि खाटेवर डोळे मिटून पडले.

"आई, चिंचा कोनं फोडल्या?"

"मले काय दिसते वं?"

रात्री घास नेहमीपेक्षा मोठे होते.

सकाळी केंद्रावर मोजे निघेनात. चिंचेनं गच्च बसले होते. एकीकडून मॅडम, दुसरीकडून वंदना, असं ओढून काढले. आतून माझी बोटं निघाली ती तपकिरी, सुरकुतलेली, लोणच्यातल्या फोडींसारखी. आंबट वास खोलीभर पसरला.

"मावशी, काय लावलं हे?"

"तेल."

"तेलाला चिंचेचा वास येतो?"

वंदना माझ्याकडं पाहत होती. मला धड दिसत नव्हतं, तरी ते पाहणं दिसलं.

शेवटची तुकडी जवळ आली होती. नऊ बोटं एकामागून एक नापास झाली. मॅडम पंखा बंद कर, काच पूस, पुन्हा ठेव, असं करून दमल्या. मी म्हणाले, "जाऊ दे बाई. मी मर्द तर मर्द. दिवाळीपर्यंत आंधळा मर्द."

"हे एक राहिलं ना?" मॅडमनी माझ्या डाव्या हाताची करंगळी धरली. ही लहानपणी जात्याखाली सापडली, तेव्हापासून ताठ उभी राहते. काचेवर टेकत नाही म्हणून कोणी तिला विचारलंच नव्हतं. ती वाकतच नाही, म्हणून तिनं कधी कापूस धरला नाही, भांडं घासलं नाही, आणि चिंचेलाही ती लागली नव्हती. दोघींनी मिळून माझा हात आडवा केला, कोपर वर उचललं, मी जवळजवळ टेबलावर झोपले आणि करंगळी काचेवर टेकली.

हिरवा दिवा!

साठ वर्षं राबलेली नऊ बोटं नापास आणि जन्माची कामचोर पास. वंदनानं टाळी वाजवली. मी नाही वाजवली, हात चिकट होते.

"आता नवीन फोटो काढते," मॅडम म्हणाल्या, आणि पडद्याकडं पाहून विचारलं, "लिंग काय टाकू?"

"काय टाकू? अवं, मान वर करून पाह्य ना माय! याच्याच पायी तर एवढा—"

तेवढ्यात फोटो निघाला.

दुरुस्तीचा कागद वेळेत हाती आला. ऑपरेशन झालं, बायांच्या वॉर्डात, नऊ नंबरवर. डोळ्याची पट्टी सुटली आणि मला आधी भिंतीवरची पाल दिसली, मग वंदनाच्या कपाळावरची बारकी टिकली, मग तिचं हसू. ते मला फारसं आवडलं नाही. पुढं घरी नवीन कार्ड आलं, तेव्हा तिनं ते माझ्या हातात दिलं. "वाचा पाहू, आई."

मी घडाघडा वाचलं. नाव बरोबर. गाव बरोबर. स्त्री, बरोबर. मग फोटोकडं नजर गेली. एक म्हातारी, तोंड वासलेलं, एक डोळा मिटलेला, दुसरा वटारलेला, पदर खांद्यावर, बोट समोरच्याच्या अंगावर रोखलेलं.

"वंदे, हा फोटो कोनाचा छापला वं? कोनती भांडखोर बुढी हाये ही?"

वंदना पदर तोंडाला लावून आत पळाली.

मी कार्ड उजेडात नेलं. नव्या डोळ्यानं दोनदा पाहिलं. मीच होते.