सख्ख्या मामाची मांडी

माझ्या थोरल्याचा पहिला दात वरच्या हिरडीला आला आणि त्या एका दातापायी मला माहेर बंद झालं.

सातारच्या पेठांतून मी तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन फिरायचे. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. स्टील नवं होतं, बायका पितळ सोडून त्याच्या मागं लागल्या होत्या. भांड्यांचं दुकान मी पुढं टाकलं, तेही कुणी हातात आणून दिलं नाही. पोर पाठीला बांधलेलं असायचं. त्यानं मान धरली ती एका गिऱ्हाइकाच्या ओट्यावर. पालथं पडलं जुन्या साड्यांच्या ढिगावर, आणि बसायला शिकलं गाठोड्याला टेकून. दोन फाटक्या विजारींवर तांब्या मागणाऱ्या बाईशी मी हुज्जत घालत असले की ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचं.

दात मला आधी ऐकू आला. खिमट भरवताना वाटीची कड लागली आणि टक्‌ झालं. बोट फिरवून बघितलं, तर वरच्या हिरडीला. खाली काहीच नव्हतं. मी खुशीनं पलूसला भावाच्या घरी निरोप धाडला. हीच चूक झाली. वरचे दात आधी आले तर ते मामाला जड जातात, असं आमच्याकडं मानतात. मी मानत नव्हते, म्हणून विसरले. माझा एकुलता धाकटा भाऊ फौजेत होता, सीमेवर. भावजयीचा उलट निरोप आला, "वन्संना म्हणावं, यंदा दिवाळीला येऊ नका."

भाऊ रजेवर आल्याचंही मला परक्याकडून कळलं. पोराला अकरावा महिना लागला होता. आमच्यात जावळ वर्षाच्या आत काढतात, तेही पोराला मामाच्या मांडीवर बसवून. होईल तर त्याच मांडीवर, असं मी ठरवलं. रजा संपायच्या आदल्या दिवशी एसटीनं पलूस गाठलं. घाईत असलेलं गिऱ्हाईक फार ताणत नाही, हे मला धंद्यानं शिकवलं होतं. स्टँडवरूनच न्हावी बरोबर घेतला.

अंगणात भाऊ ट्रंक भरत होता. त्यानं पोराकडं बघितलं आणि मान खाली घातली. भावजय दारात आडवी उभी राहिली.

"आवं वन्सं, चुलत भाऊ हाय की शेजारी. त्येंच्या मांडीवर बसवा."

"फाटकं पुढं करून नवं म्हनायचं, अशा बाया मी रोज बघते. मला सख्ख्याची मांडी पायजे."

"तुमास्नी पोराचं क्यास दिसत्यात. हितं मी ह्येंच्या टपालाची वाट बघत बसती. महिना-महिना येत न्हाई."

"मग माझ्या पोरानं अडवलंय व्हय टपाल?"

भाऊ म्हणाला, "आक्का, रागवू नगंस." एवढंच.

मग मी माझा नेहमीचा डाव टाकला. पोर उचललं, न्हाव्याला "चल रं" म्हटलं आणि चालू लागले. अशा वेळी गिऱ्हाईक हमखास मागून हाक मारतं. फाटक ओलांडलं, पावलं मंद केली. हाक आली नाही.

"बाई, कुनी बोलवंना की," न्हावी म्हणाला.

आज अशीच एसटीत बसले तर हे दार कायमचं गेलं, आणि माझ्या पोराला मामा राहणार नाही, हे तेव्हा मला कळलं. उठून गेलेली विकणारी परत वळली की तिचा भाव पडतो. मी वळले. सरळ भावजयीपुढं उभी राहिले.

"काय केलं म्हंजे चालंल, तूच सांग. मी ऐकते."

ती पाट ओढून त्यावर मांडी घालून बसली. "आदी माझ्याकडं द्या. काय लागायचं ती मला लागू दे. मग ह्येंच्याकडं."

मी पोर तिच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तिचं मंगळसूत्र पकडलं आणि तोंडात घालून चावलं. तिनं डोळे मिटले, पण सोडवून घेतलं नाही. थोड्या वेळानं स्वतःच पोर उचलून नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि न्हाव्याला म्हणाली, "काड आता. कान सांबाळ."

भाऊ पुढं पेन्शन घेऊन घरी आला, अजून धडधाकट आहे. भावजयीचं आणि माझं त्या दिवसापासून जमलं. भावाला मात्र मी माफ केलेलं नाही. मांडी त्याची होती. दोन शब्द त्यानं बोलायला हवे होते.