टाकीतला दिवा

माशांच्या टाकीची काच घासताना ब्रशखालून हिरवं शेवाळ सुटतं आणि पाण्यात धुरासारखं पसरतं. बाबा गेल्यापासून ते फारच माजलंय. त्यांनी हौसेनं लावलेल्या पाणवनस्पतींची पानंसुद्धा त्याखाली झाकून गेली आहेत. मी दर रविवारी येतो, काच घासतो, थोडं पाणी बदलतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

कारण साधं आहे. आई टाकीतला दिवा बंदच करत नाही.

"अगं, शेवाळ उजेडावर वाढतं. रात्री तरी अंधार कर."

"दिवा बंद करायचं काम ह्यांचं," ती म्हणाली. "जेवण झालं की माशांना 'झोपा आता' म्हणायचे आणि बंद करायचे."

मी घासत राहिलो. जपायचं म्हणून आपण एखादी गोष्ट सतत उजेडात धरून ठेवतो आणि तिचा जीव त्या उजेडातच गुदमरतो. रोपांबद्दल हे सांगणं सोपं आहे.

आज जेवणं झाल्यावर आई टाकीपाशी जाऊन उभी राहिली. बटणावर बोट ठेवून कितीतरी वेळ तशीच. मग तिनं दिवा मालवला, आणि अंधारात तिचा आवाज आला, "झोपा आता."