ढेकळाची परीक्षा

शाळा माझी तिसरीत सुटली, पण नांगर सुटला नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे मुलानं उताराचं दीड एकर घेतलं, तेव्हा त्यातलं अर्धं मी मागूनच घेतलं. अर्धं सुनेकडे. आठवडाभर ती कॉम्प्युटरवर, शनिवार-रविवार रानात.

माझं रान नांगरून, वेचून लख्ख. आमच्या निपाणीकडं रान बघून माणसाची पारख करतात. सुनेच्या रानात नांगर नाही, नुसतं पाचट, झावळ्या, वाळका पाला. शेत कसलं, लग्न उठल्यावरचा मांडव!

मग दोन पाऊस झाले आणि खालचं तळं चहासारखं झालं. शेजारच्या रानातल्या कानडी अक्काची म्हैस त्यात तोंड घालेना. अक्का बांधावर येऊन म्हणाली, "अज्जा, तुझी माती माझ्या म्हशीनं प्यायची का?"

"माझीच कशावरून? नाव लिवलंय तिच्यावर?"

सून म्हणाली, "मामा, रविवारी दोघांचं एकेक ढेकूळ पाण्यात टाकू. विरघळेल त्याची माती वाहते. तुमचं विरघळलं तर तुमचाही नांगर बंद."

"आणि तुझं विरघळलं तर तुझ्या रानात मी नांगर घालणार."

"सरी, ठीक," म्हणून अक्का पंच झाली.

हरायची सवय नाही मला. मी माती भिजवून मळली, थापली, दोन ढेकळं गच्चीवर चार दिवस वाळवली. दगड झाले दगड!

रविवारी बांधावर काचेचे दोन ग्लास. सुनेचं ढेकूळ भुसभुशीत, मुळं लोंबणारं. ते पाण्यात तसंच बसून राहिलं. माझ्या ढेकळानं बुडबुडे सोडले आणि अक्काचं पान चघळून व्हायच्या आत खाली गाळ होऊन बसलं.

"पाणी खराब असंल," मी म्हणालो. पाणी बदललं. खिशातलं दुसरं टाकलं. तेही गेलं.

अक्कानं ग्लास उजेडात धरला. "अज्जा, एवढं थापलंस, तर स्वल्प भाजायचं तरी!"

सून हसली नाही. ते जास्त लागलं.

पण शब्द म्हणजे शब्द. नांगर छपरात ठेवला, पाचटाच्या गाड्यांवर गाड्या आणल्या. सून पसरू लागली तर इथं ढीग, तिथं टक्कल. मी तिच्या हातातलं दाताळं ओढून घेतलं.

"हो बाजूला. हे काय कंपनीतलं काम नव्हे."

आठ दिवसांत सगळं रान वीतभर जाड, एकसारखं झाकलं. मग अक्काला हाक मारली. म्हटलं, माती कुठं दिसते ते दाखव. ती कंबरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. एक बोटभर सापडली नाही तिला.

"आता सुनेचं बघ जा," मी म्हणालो.